जोडातील दोष : जीपचा बदललेला गिअरबॉक्स आणि धुळे परिसरातील अलिखित तंत्रज्ञान

प्रस्तावना :
मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळे येथे एकमेकांस छेदतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये याच नगरीत निधन झाले आणि त्यांच्या नावे स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने दप्तरे जपण्याची परंपरा रुजविली. परंतु महामार्गांच्या कडेला गॅरेजमधून घडलेल्या तंत्रज्ञानाचा इतिहास क्वचितच लिहिला गेला. एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीस बसविल्यावर उद्भवणाऱ्या दोषांचे निदान हा त्या इतिहासाचाच एक भाग होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने १९४७ पासून जीपची जोडणी सुरू केली. सीजे-३बी जीपमध्ये टी-९० हा तीन गिअरचा गिअरबॉक्स असे. त्यातील पहिल्या व रिव्हर्स गिअरला सिंक्रोमेश नव्हता. १९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेलची ओढ वाढली. कंपनीने १९७९ मध्ये प्यूजोच्या डिझेल इंजिनाचा व १९८२ मध्ये कियाच्या चार गिअरच्या गिअरबॉक्सचा परवाना घेतला. परिणामी जुन्या व नव्या पिढीचे सुटे भाग एकाच बाजारात आले आणि मोडीत निघालेल्या जीपचा गिअरबॉक्स जुन्या जीपला बसविणे शक्य झाले. प्रवासी वाहतुकीच्या जीपवर पोट असणाऱ्यास गाडी उभी राहणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे होते. त्यामुळे अचूक निदानास आर्थिक मोल होते.

निदानाची पद्धती :
इंजिन बंद असता गिअर सहज पडतात, पण सुरू असता पडत नाहीत किंवा दाते करकरतात, तर दोष बहुधा क्लचचा असतो. क्लच पूर्ण सुटत नसतो. अशा वेळी पेडलची ढिलाई, क्लच प्लेटची बाजू व पायलट बेअरिंग प्रथम तपासावे लागते. चालत्या गाडीत टी-९० चा पहिला गिअर करकरणे हा मात्र दोष नसून त्याच्या रचनेचा परिणाम होय. गाडी वेगात असता गिअर सोडत असेल, तर बेल हाउसिंगची सरळ बैठक, तिचे बोल्ट, माउंटिंग आणि लिव्हर फरशीला अडते काय, हे आधी पाहिले जाते. गिअरबॉक्सच्या आतील स्प्रिंग व दात्यांची झीज यांची पाळी त्यानंतर येते. न्यूट्रलमधील आवाज क्लच दाबताच थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या बेअरिंगचा, आणि दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंगचा संशय येतो. गिअरबॉक्सची लांबी बदलल्यास प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन जुळत नाहीत आणि गाडी थरथरते.

निष्कर्ष :
बदललेल्या गिअरबॉक्सचा दोष बऱ्याचदा त्याच्या पोटात नसून दोन यंत्रांच्या जोडात असतो. म्हणून बाहेरून आत जाणे हाच या पद्धतीचा मूलमंत्र ठरतो. लक्षणावरून कारणाकडे जाणारी ही तर्कशुद्ध शिस्त पुस्तकांपेक्षा उस्तादाकडून शागिर्दाकडे, हाताखाली काम करता करता गेली. जुन्या जीप रस्त्यावरून दिसेनाशा होत आहेत व ते मिस्त्रीही वृद्ध झाले आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या मुलाखती नोंदविल्यास खानदेशच्या श्रमजीवी वर्गाचे एक मोलाचे दप्तर वेळीच सिद्ध होईल.