अधिक तारांची गिटार : भारतीय रूपांतर आणि मुंबईचा दुवा

सहापेक्षा अधिक तारांच्या गिटारचा पाश्चात्त्य इतिहास मुख्यतः स्वरक्षेत्राच्या विस्ताराचा आहे. नेहमीच्या गिटारची सर्वांत खर्जाची तार सुमारे 82 हर्ट्झला लावतात. बी स्वरात लावलेली सातवी तार ही मर्यादा 62 हर्ट्झपर्यंत खाली नेते. जॅझवादक जॉर्ज व्हॅन एप्स यांनी 1930 च्या दशकात सात तारांचा स्वीकार केला, तो एकाच वाद्यावर खर्ज व चाल दोन्ही सांभाळण्यासाठी. बारा तारांची गिटार या वर्गात बसत नाही, कारण तेथे तारा जोडीने असतात आणि पल्ला जवळजवळ तोच राहतो.

भारतात तारा वाढल्या त्या निराळ्या कारणाने. येथे रुजली ती हवाईयन गिटार. पोलादी दांडी तारेवरून सरकवल्यामुळे तिच्यावर मींड अखंड निघते. मींड निघत नाही हा हार्मोनियमवरील मुख्य आक्षेप होता आणि आकाशवाणीने 1940 मध्ये त्या वाद्यावर बंदी घातली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मात्र गिटारला चिकारी नव्हती, तरफा नव्हत्या; आलापात दोन स्वरांमधील जागा रिती राहत असे. ही उणीव तारांनी भरून काढली. ब्रिजभूषण काबरा यांनी चिकारीची जोड दिली. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर यांच्यासमवेत त्यांची गिटार घरोघरी पोहोचली. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेवर 3 मुख्य, 5 साथीच्या व 12 तरफा अशा 20 तारा आहेत. देबाशिष भट्टाचार्य यांच्या चतुरंगीवर त्या 24 झाल्या.

आपल्या अध्यापनात मात्र ही कथा बहुधा 1994 च्या ग्रॅमी पुरस्कारापासून सुरू होते. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. व्हॅन शिप्ले (1927–2008) हे लखनौचे, पण कारकीर्द मुंबईच्या चित्रपटसृष्टीतली. आठ तारांची विद्युत गिटार ते त्याआधी कित्येक वर्षे वाजवीत होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिका चित्रपटगीतांच्या असल्यामुळे शास्त्रीय संगीताच्या इतिहासकारांनी त्यांची नोंद घेण्याचे टाळले असावे. शिवाय नव्या वाद्यांना 'वीणा' म्हटल्याने वंशावळ प्राचीनतेकडे वळली आणि स्टुडिओतील दुवा झाकला गेला. 'मोहनवीणा' हे नावदेखील मुळात राधिकामोहन मैत्र यांच्या सरोदसदृश वाद्याचे होते! वसई-विरारच्या पट्ट्यात, जेथे गिटार चर्चमध्ये व लग्नघरी सहज दिसते, तेथील विद्यार्थ्यांना ही मधली कडी शिकवणे अवघड नाही. त्यासाठी जुन्या ध्वनिमुद्रिकांना अभ्याससाधनाचा दर्जा द्यावा लागेल.