कीटकभक्षी वनस्पतींचे संगोपन

कीटकभक्षी वनस्पतींचे संगोपन ही उद्यानविद्येची एक शाखा आहे. कीटक व इतर सूक्ष्म प्राणी पकडून त्यांच्यापासून नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी पोषकद्रव्ये मिळवणाऱ्या वनस्पती घरी, हरितगृहात किंवा वनस्पती उद्यानात वाढवणे, हा तिचा विषय होय. जगात अशा वनस्पतींच्या ६०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांची हौसेने जोपासना करणाऱ्यांचा समुदाय अनेक देशांत पसरलेला असून बियांची देवाणघेवाण, नव्या वाणांची नोंदणी आणि नैसर्गिक अधिवासांचे संरक्षण ही त्याची प्रमुख कार्ये आहेत. महाराष्ट्रात पुणे, सातारा, कोल्हापूर व कोकणातील जिल्ह्यांमध्ये दवबिंदू आणि सीतेची आसवे या गटांतील जाती पावसाळ्यात नैसर्गिकरीत्या उगवतात. त्यामुळे येथे संगोपनाचा प्रश्न संवर्धनाशी थेट जोडलेला आहे.

वनस्पतींचे प्रमुख गट

संगोपनात मुख्यतः पुढील गट आढळतात.

- घटपर्णी (नेपेंथिस): पानाच्या टोकाशी सुरईसारखा घट तयार होतो. घटातील पाचक द्रवात कीटक बुडून मरतात.
- दवबिंदू (ड्रॉसेरा): पानांवरील ग्रंथियुक्त केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. कीटक चिकटल्यावर केस त्याच्याकडे वळतात.
- सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया): पाण्यात किंवा ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात. संवेदी केसांना स्पर्श होताच पिशवीचे दार उघडते आणि एक सहस्रांश सेकंदाहून कमी वेळात भक्ष्य पाण्याबरोबर आत ओढले जाते.
- व्हीनस फ्लायट्रॅप (डायोनिया मसिप्युला): पानाचे दोन भाग शिंपल्यासारखे मिटतात. ही जात निसर्गतः केवळ अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना या राज्यांत आढळते.
- सारासिनिया: उत्तर अमेरिकेतील दलदलींत वाढणारी, उभ्या नळीसारखी पाने असलेली प्रजाती.

इतिहास

उत्तर कॅरोलिनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी १७५९-६० च्या सुमारास पत्रांतून व्हीनस फ्लायट्रॅपचे वर्णन केले. १७६८ मध्ये जॉन एलिस यांनी तिला शास्त्रीय नाव दिले. एकोणिसाव्या शतकात काचेच्या बंद पेट्यांमधून दूरच्या प्रदेशांतील झाडे जहाजाने जिवंत आणणे शक्य झाले आणि इंग्लंडमध्ये घटपर्णींची मागणी वाढली. लंडनमधील व्हीच कुटुंबाच्या रोपवाटिकेने अनेक जाती व संकर विक्रीस आणले. चार्ल्स डार्विन यांचा ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हा ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही झाडे कीटकांचे खरोखर पचन करतात व त्यातून त्यांना लाभ होतो, हे त्यातील प्रयोगांमुळे मान्य होऊ लागले.

१९७२ मध्ये अमेरिकेत एका वार्तापत्राभोवती ‘इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटी’ आकारास आली. ‘कार्निव्होरस प्लांट न्यूजलेटर’ हे तिचे त्रैमासिक आहे. सदस्यांसाठी बीजपेढी चालवणे आणि लागवडीखालील वाणांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी ठेवणे ही कामेही संस्था करते. ब्रिटनमधील ‘कार्निव्होरस प्लांट सोसायटी’ १९७८ मध्ये स्थापन झाली. २०२१ पासून मे महिन्याचा पहिला बुधवार ‘जागतिक मांसाहारी वनस्पती दिन’ म्हणून पाळला जातो.

पुणे व पश्चिम महाराष्ट्र

पश्चिम भारतातील वनस्पतींच्या पद्धतशीर नोंदींशी पुण्याचा जुना संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले असून तेथे मोठा वनस्पती संग्रह आहे. युट्रिक्युलॅरिया प्रजातीच्या भारतीय जातींचा एम. के. जनार्दनम आणि ए. एन. हेन्री यांनी केलेला अभ्यास याच संस्थेने १९९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित केला. पश्चिम घाटातील युट्रिक्युलॅरिया जनार्दनमी या जातीला जनार्दनम यांच्या सन्मानार्थ नाव देण्यात आले आहे.

ड्रॉसेरा इंडिका ही अरुंद, लांब पानांची जात घाटमाथ्यावर व कोकणात ओलसर उघड्या जागी आढळते. ड्रॉसेरा बर्मानाय ही जमिनीलगत लहान चक्राकार पाने असलेली जात कोकणातील सड्यांवर मिळते. लोणावळा, खंडाळा, महाबळेश्वर या भागांतील पाझरत्या कातळांवर व शेवाळलेल्या खोडांवर युट्रिक्युलॅरिया स्ट्रायट्युला वाढते. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात सीतेची आसवे मोठ्या संख्येने फुलतात आणि काही जागी जमीन निळसर-जांभळी दिसते. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत झाला.

या जाती जांभ्याच्या सड्यांवर का वाढतात, याचे उत्तर मातीत आहे. सड्यावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो, मुसळधार पावसाने त्यातील क्षार धुऊन जातात आणि पाणी साचून राहते. अशा निकृष्ट जमिनीत गवत व झुडपे जोमाने वाढत नाहीत. कीटकांतून नायट्रोजन मिळवणाऱ्या वनस्पतींना तेथे जागा मिळते. दख्खनच्या सुपीक काळ्या मातीत त्या इतर वनस्पतींपुढे टिकाव धरू शकत नाहीत.

लागवडीच्या पद्धती

माध्यम: नेहमीची बागेतील माती, शेणखत आणि रासायनिक खत या वनस्पतींच्या मुळांना घातक ठरते. त्याऐवजी पीट, स्फॅग्नम शेवाळ, परलाइट व चुनाविरहित वाळू यांचे मिश्रण वापरतात. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरायचा झाल्यास त्यातील मीठ निघून जाईपर्यंत तो अनेकदा धुवावा लागतो.

पाणी: पावसाचे, ऊर्ध्वपातित किंवा आरओ यंत्रातून गाळलेले पाणी वापरले जाते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण सामान्यतः दशलक्षांश ५० भागांपेक्षा कमी असावे असा संकेत आहे. बसाल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. ते दिल्यास कुंडीत क्षार साचून झाड हळूहळू मरते. दवबिंदू, सारासिनिया व व्हीनस फ्लायट्रॅप यांच्या कुंड्या पाणी भरलेल्या उथळ ताटलीत ठेवतात. घटपर्णीला मात्र मुळांशी पाणी साचलेले चालत नाही.

हवामान: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर या काळातील दमट, ढगाळ हवा घटपर्णीला मानवते. मार्च ते मे या महिन्यांत तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा कोरडी होते. त्या वेळी घट वाळू लागतात, म्हणून सावलीची जाळी आणि आर्द्रता टिकवणारे बंदिस्त काचपात्र उपयोगी पडते. व्हीनस फ्लायट्रॅप व सारासिनिया यांना हिवाळ्यात सुमारे तीन महिने थंड विश्रांती लागते. पुण्याचा हिवाळा सौम्य असल्याने काही वेळा कंद शेवाळात गुंडाळून शीतकपाटात ठेवले जातात. विश्रांती न मिळालेले झाड दोन-तीन वर्षांत क्षीण होते.

आहार: उघड्यावर ठेवलेली झाडे आपले भक्ष्य स्वतः पकडतात. मांसाचे तुकडे दिल्यास पान कुजते. व्हीनस फ्लायट्रॅपचे सापळे बोटाने वारंवार मिटवल्यास झाडाची शक्ती व्यर्थ खर्च होते. प्रत्येक सापळा मर्यादित वेळाच मिटू शकतो.

वन्य रोपे उचलण्याचा प्रश्न

ड्रॉसेरा इंडिका व सड्यांवरील युट्रिक्युलॅरियाच्या बहुतेक जाती वर्षायू आहेत. पावसाळ्यात उगवून, फुलून व बी टाकून त्या कोरड्या ऋतूपूर्वी मरतात, आणि पुढील वर्षीची पिढी पूर्णतः मातीत पडलेल्या बियांवर अवलंबून असते. फुलावर असलेले रोप कुंडीत आणल्यास ते काही आठवड्यांतच मरते आणि पठारावर पडणारे बीही नष्ट होते. त्यामुळे वन्य रोप उचलण्याने संग्राहकाला लाभ होत नाही, अधिवासाची मात्र हानी होते. पायदळी तुडवणे, वाहने नेणे, खाणकाम व बांधकाम हे सड्यांवरील इतर धोके आहेत. कास येथे दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा घालण्यात आली आहे.

भारतातील एकमेव घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, मेघालयात आढळते. दक्षिण गारो हिल्समधील बाघमारा येथे तिच्यासाठी संरक्षित क्षेत्र आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींविषयीचे प्रकरण समाविष्ट झाले व या जातीला संरक्षण मिळाले. विनापरवाना ती निसर्गातून तोडणे, उपटणे, बाळगणे किंवा विकणे बेकायदेशीर असून लागवडीसाठीही परवाना लागतो. साईट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तिचा समावेश आहे. नेपेंथिसच्या बहुतेक अन्य जाती आणि व्हीनस फ्लायट्रॅप दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परदेशातून रोपे वा बी मागवताना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशातील तरतुदी लागू होतात. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील काही परगण्यांत वन्य व्हीनस फ्लायट्रॅपची चोरी डिसेंबर २०१४ पासून गंभीर गुन्हा मानली जाते.

या पार्श्वभूमीवर संगोपकांच्या संस्था बियांपासून, पानाच्या तुकड्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवलेलीच रोपे घ्यावीत असा आग्रह धरतात. व्हीनस फ्लायट्रॅप व अनेक संकरित घटपर्णी आता प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने तयार होत असल्याने त्यांची किंमत उतरली आहे आणि त्या जातींच्या वन्य रोपांवरील ताण काही अंशी कमी झाला आहे. सड्यांवरील युट्रिक्युलॅरियाच्या वर्षायू जातींची लागवड मात्र अवघड असून अधिवासाचे रक्षण हाच त्यांच्या संवर्धनाचा मुख्य मार्ग आहे.

हे सुद्धा पहा

- कास पठार
- घटपर्णी
- दवबिंदू (वनस्पती)
- पश्चिम घाट
- भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था