मुलांचे अनुभवकथन : लेखनापूर्वीचा आराखडा

स्वतःच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेली घटना प्रथमपुरुषी सांगणे म्हणजे अनुभवकथन. शाळांतून ‘आत्मकथन’ या नावाखाली बहुधा नदीचे किंवा फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहवून घेतले जाते. तो कल्पनाविलास होय. धर्मशिक्षणाच्या वर्गात, विशेषतः प्रथम ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण संस्काराच्या तयारीत, मुलाने स्वतःचे जगणे देवासमोर न्याहाळावे अशी अपेक्षा असते. परंतु ‘तुझा श्रद्धेचा अनुभव लिही’ एवढेच सांगितले, की मूल मोठ्यांना रुचेल तेच लिहिते : मी प्रार्थना केली आणि मला चांगले गुण मिळाले. आराखड्याची गरज शुद्धलेखनापेक्षा या खोटेपणावर उपाय म्हणून अधिक आहे.

पहिला प्रश्न निवडीचा. लिझ्यूच्या संत तेरेजा यांचे उदाहरण येथे फार उपयोगी पडते. १८९५ मध्ये मठाच्या मदर अ‍ॅग्नेस, म्हणजे त्यांची थोरली बहीण पॉलीन, यांच्या आज्ञेवरून त्यांनी बालपणीच्या आठवणी साध्या वहीत लिहावयास घेतल्या. मठप्रवेशापूर्वीच्या आयुष्याचे त्यांनी तीन भाग पाडले : आईच्या मृत्यूपर्यंतचा (१८७७), तेथून १८८६ च्या नाताळपर्यंतचा, आणि त्यापुढचा. ही विभागणी इयत्तांवर आधारलेली नाही. मनाला जेथे वळण मिळाले तेथे रेघ पडली आहे. मुलांनाही वहीत एक आडवी रेघ काढून तीवर पाच-सहा आठवणी टिपू द्याव्यात. प्रत्येकीखाली ‘यानंतर माझ्यात काय बदलले?’ असे विचारावे. उत्तर नसेल ती आठवण खोडावी. उरलेल्यांतून एकच घ्यावी. अख्खी सहल, अख्खी सुट्टी किंवा आजोबांचे अख्खे आजारपण एका पानात मावत नाही. आजोबांना शेवटचा ख्रिस्तप्रसाद देण्यात आला ती संध्याकाळ मावते.

दुसरा प्रश्न, कोणासाठी लिहावयाचे? प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या परिवर्तनाची कथा तीनदा येते. नवव्या अध्यायात ती लूक सांगतो. बाविसाव्या व सव्विसाव्यात पौल स्वतः सांगतो. यरुशलेमच्या जमावापुढे तो आपण यहुदी असल्यापासून, गमलिएलच्या शिकवणुकीपासून आरंभ करतो आणि हनन्या हा नियमशास्त्र पाळणारा भक्तिमान पुरुष होता हे आवर्जून नमूद करतो. अग्रिप्पा राजापुढे मात्र हनन्याचा उल्लेखही नाही. प्रकाश, वाणी आणि दमास्कसची वाट दोन्हीकडे कायम. आठवी-नववीच्या मुलांना हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचावयास द्यावेत. काय ठेवावे व काय गाळावे हे त्यांना व्याख्यानाशिवाय उमगते. गाळणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हेही.

तिसरी गोष्ट तपशिलाची. यासाठी नागपूरकरांना दूर जावयास नको. रेव्ह. नारायण वामन टिळक नागपुरात राहिले होते. १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका सहप्रवाशाशी झालेल्या भेटीनंतर ते ख्रिस्ताकडे वळू लागले आणि १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. हे दांपत्य प्रॉटेस्टंट होते, परंतु हा ग्रंथ सर्व मराठी ख्रिस्ती जनांचा ठेवा आहे. वडील फार सोवळे पाळीत, एवढ्यावर लक्ष्मीबाई थांबत नाहीत. घरात मीठ-साखरही धुतली जाई, असे दाखवितात. लक्ष्मीबाईंना लिहावाचावयास लग्नानंतर पतीने शिकविले, हे भाषेला घाबरणाऱ्या मुलांना अवश्य सांगावे. आराखड्याच्या पानावर म्हणून स्थळ, माणसे, ऐकलेले शब्द, वास, हातातली वस्तू यांची टिपणे असावीत. ‘मला खूप वाईट वाटले’ या वाक्याऐवजी तेव्हा हात-पाय काय करीत होते ते लिहावे. नागपूरचे मूल शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलते. टिपणे त्याला हव्या त्या बोलीत होऊ द्यावीत. आजीचे वाक्य प्रमाणभाषेत धुऊन काढू नये.

काही मर्यादा शिक्षकाने प्रथमच सांगाव्यात. पापनिवेदनात सांगावयाचे ते वहीत मागू नये. मित्राचे नाव बदलावे. मुलाच्या संमतीवाचून लेख वर्गात किंवा वेदीसमोर वाचला जाऊ नये. आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने कधीही देऊ नये. मुलाच्या पानावर मारहाण वा अत्याचार उघड झाला, तर ती वही त्या क्षणी धर्मशिक्षणाची राहत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. बालमदतीचा क्रमांक १०९८. धर्मग्रामाची प्रतिष्ठा हे गप्प राहण्याचे कारण होऊ शकत नाही.

शेवटाविषयी. मुलांना तात्पर्य जोडण्याची सवय असते, आणि ती आम्हीच लावलेली असते! उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात थोरला मुलगा घरात गेला की नाही, हे प्रभू येशू सांगत नाही. आराखड्यात ‘मी काय शिकलो’ अशी चौकट ठेवूच नये. शेवटी काय दिसले किंवा ऐकू आले एवढेच टिपावे. एका रविवारी आराखडा आणि पुढच्या रविवारी लेखन, असे दोन तास पुरतात. आपले कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे आहे, आणि १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांनाच लेखकांचे आश्रयदाते घोषित केले. त्यांच्या सणाच्या, म्हणजे २४ जानेवारीच्या आधीचे दोन रविवार यासाठी सोयीचे ठरतील.