वाहनावरील आकाशक

आकाशक (अँटेना) वाहनावर कोठे बसवावा, हा प्रश्न बिनतारी संदेशवहनाइतकाच जुना आहे. जी. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाडीच्या छतावर उंच दंडगोलाकार आकाशक बसविला. प्रवासात तो आडवा करीत. दुसऱ्या महायुद्धातील जीपला धातूचे छत नसल्याने तिच्या बाजूस किंवा मागील कोपऱ्यावर लवचिक दंडाकार आकाशक बसवीत.

गाडीचा धातूचा सांगाडा आकाशकाच्या दृष्टीने भूपृष्ठाचे कार्य करतो. छताच्या मध्यभागी बसविलेल्या आकाशकाचे प्रारण सर्व दिशांना जवळजवळ सारखे होते. कोपऱ्यावरील आकाशकाचे प्रारण गाडीच्या विरुद्ध कोपऱ्याच्या दिशेने अधिक होते. मात्र रानवाटेवर छतावरील उंच दंड फांद्यांत अडकतो. १५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेस सु. ५० सेंमी. लांबीचा, म्हणजे पाव तरंगलांबीएवढा दंड पुरतो. परंतु हे तरंग बव्हंशी सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआड क्षीण होतात.

पाताळगंगेच्या खोऱ्यातील मोहोपाड्याच्या (जि. रायगड) ईशान्येस इरशाळगड व माथेरानचे डोंगर आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथवर मोटाररस्ता नव्हता. मदतपथकांना पायी चढावे लागले. अशा प्रदेशात गाडी कोठे उभी करावी, हा निर्णय आकाशकाच्या जागेइतकाच महत्त्वाचा ठरतो.