मावळ्याच्या खांद्यातील चुंबक

दिवाळी आली की तुळिंज-नालासोपाऱ्याच्या चाळींपुढे आणि इमारतींच्या आवारात मुलांचे किल्ले उभे राहतात. त्यावरचा मातीचा मावळा मात्र कायम एकाच पवित्र्यात असतो. भाला धरलेला त्याचा हात कधी तलवार धरू शकत नाही. समजा, मुलांना याच तालुक्यातील वसईच्या किल्ल्याचा १७३९ मधील वेढा मांडायचा आहे. चिमाजीअप्पांच्या सैन्यातला तोच मावळा आधी सुरुंग खणताना आणि नंतर तटावर चढताना दाखवायचा, तर त्याचे हात बदलता आले पाहिजेत.

लहान सैनिकांच्या प्रतिकृती मांडून युद्धाचा खेळ खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा खेळाच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. आजचे छांदिष्ट सैनिकाच्या खांद्यात व दंडात २-३ मि.मी. व्यासाची, १ मि.मी. जाडीची चुंबकाची एकेक चकती बसवतात. हात चिकटतो आणि ओढला की सुटतो. इतकी साधी युक्ती वेल्स यांच्या काळी का वापरली गेली नाही, असा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्याचे उत्तर असे, की त्या काळी अशी चकती बनवताच येत नव्हती.

चुंबकाचे दोन ध्रुव चुंबकाच्या आतही क्षेत्र निर्माण करतात आणि त्याची दिशा चुंबकनाच्या उलट असते. म्हणजे प्रत्येक चुंबक स्वतःलाच थोडा दुबळा करीत असतो. ध्रुव एकमेकांपासून दूर असले तर हा विरोध किरकोळ असतो. चकतीच्या दोन सपाट बाजूंवर ध्रुव आले, की तो फार मोठा होतो. म्हणूनच जुने पोलादी चुंबक लांब पट्टीचे किंवा नालाच्या आकाराचे असत आणि ठेवताना त्यांच्या ध्रुवांना लोखंडाचा तुकडा लावत. याची प्रचीती सहज घेता येते. शिवणाची लांब सुई आणि सायकलचा पोलादी छर्रा, दोन्ही एकाच चुंबकावर घासा. सुईच्या टोकांना लोहकीस चांगला चिकटतो, छर्ऱ्याला फारच थोडा.

तेव्हा गरज होती ती स्वतःच्या विरोधाला दाद न देणाऱ्या पदार्थाची. १९१७ मध्ये जपानमध्ये कोतारो होंडा यांनी कोबाल्टयुक्त पोलाद तयार केले. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोह, निकेल व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू शोधला. त्यातूनच पुढे अल्निको चुंबक आले. १९५० नंतर स्वस्त फेराइट चुंबक बाजारात आले. ते चपटे बनवता येत, पण नखाएवढ्या तुकड्याची पकड कमीच असे. १९६० नंतरच्या दशकात समेरियम-कोबाल्ट चुंबकांनी ही अडचण दूर केली, पण ते महाग होते. त्यात १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतातील लढाईमुळे कोबाल्टचे भाव कडाडले. कोबाल्टऐवजी लोह वापरण्याच्या प्रयत्नांना त्यामुळे जोर आला. १९८३ मध्ये जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक जाहीर केले. या चुंबकाच्या उत्तम प्रकारात साध्या कार्बनी पोलादाच्या दोनशे पटींहून अधिक चुंबकीय ऊर्जा साठते. मावळ्याच्या खांद्यात मावणारा चुंबक मिळाला तो असा.

तरीही अदलाबदल केवळ चुंबकाने साधत नाही. एका हाताचा उत्तर ध्रुव बाहेर आणि दुसऱ्याचा दक्षिण, असे झाले तर अर्धे हात खांद्याला चिकटण्याऐवजी दूर ढकलले जातील. म्हणून आधी नियम ठरवावा : सर्व खांद्यांचा उत्तर ध्रुव बाहेर, सर्व हातांचा दक्षिण. चकत्यांवर शाईने खूण करावी आणि मगच डिंक लावावा. मग वर्गातील कोणत्याही मुलाने केलेला हात कोणत्याही मावळ्याला बसेल. माती भाजणार असाल तर चकत्या नंतर बसवा, कारण सामान्य निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्याची शक्ती कायमची घटू लागते.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. अशा दोन चकत्या मुलाने गिळल्या, तर त्या आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधले आतडे चिमटले जाते आणि त्याला भोक पडू शकते. मूल बरे दिसत असले, तरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. हा उपक्रम मोठ्या मुलांकडूनच, चकत्या मोजून देऊन आणि मोजून परत घेऊन करावा. लहान भावंडे ज्या किल्ल्याशी खेळतात, त्यावर जुना, न बदलणारा मावळाच बरा.