भाडेपट्टा संपल्यावर राज्य कोणाचे? हाँगकाँगचा कायदेशीर पेच

१/ नव्याण्णव वर्षांची मुदत संपली म्हणून १९९७ साली ब्रिटनने हाँगकाँग चीनला परत केले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हाँगकाँग बेट १८४२ च्या नानकिंग तहाने आणि काउलूनचे टोक १८६० च्या पेकिंग कराराने ब्रिटनला कायमचे मिळाले होते.

२/ भाडेपट्टा होता तो उत्तरेकडील ‘न्यू टेरिटरीज’ व भोवतालच्या बेटांचा. ९ जून १८९८ रोजी करार झाला आणि १ जुलैपासून ९९ वर्षांची मुदत सुरू झाली. वसाहतीची नऊ-दशांशाहून अधिक भूमी या पट्ट्यात होती.

३/ खरा पेच ब्रिटनच्याच कायद्यात होता. १८९८ च्या राजाज्ञेने हा प्रदेश वसाहतीत समाविष्ट केला, परंतु केवळ कराराच्या मुदतीपुरता. म्हणजे चीनने मौन पाळले असते, तरी १ जुलै १९९७ पासून तेथील करवसुलीला, अटकेला वा न्यायनिवाड्याला ब्रिटिश कायद्याचा आधार उरला नसता.

४/ याची झळ सामान्य माणसाला लागणार होती. तेथील जमिनी सरकारने लोकांना पट्ट्यानेच दिल्या होत्या आणि ते पट्टे मुदतीच्या तीन दिवस आधी, २७ जून १९९७ रोजी संपत होते. १९८२ नंतर पंधरा वर्षांचे गृहकर्ज घेणाऱ्याचे कर्ज फिटण्यापूर्वीच तारणाची मुदत संपली असती.

५/ मार्च १९७९ मध्ये गव्हर्नर मॅकलेहोस यांनी बीजिंगमध्ये हा प्रश्न मांडला. जमिनीच्या पट्ट्यांवरील अंतिम तारीख काढावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. गुंतवणूकदारांनी निश्चिंत राहावे, एवढे आश्वासन डेंग शियाओपिंग यांनी दिले. प्रस्ताव मात्र चीनने स्वीकारला नाही. चीनच्या दृष्टीने हे तिन्ही करार विषम, म्हणून अवैध होते.

६/ १९८२ मध्ये पंतप्रधान थॅचर यांनी करारांच्या वैधतेचा आग्रह धरला. पण केवळ बेट आणि काउलूनचे टोक राखून काय साधणार? काई ताक विमानतळ आणि क्वाई चुंगचे कंटेनर बंदर, दोन्ही भाडेपट्ट्याच्या भूमीवर होती.

७/ १९ डिसेंबर १९८४ च्या संयुक्त घोषणापत्रात यातून वाट काढली गेली. चीनने ‘सार्वभौमत्वाचा वापर पुन्हा सुरू करणार’ असे घोषित केले, ब्रिटनने ‘हाँगकाँग परत करणार’ असे. जुन्या करारांच्या वैधतेचा निवाडा कोणीच केला नाही. २०४७ पर्यंत जमिनीचे पट्टे वाढवण्याची तरतूदही त्यातच झाली.

८/ तरीही न्यायालयापुढे प्रश्न आलाच. सत्तांतरापूर्वी सुरू झालेल्या एका खटल्यातील आरोपींनी विचारले: मध्यरात्रीनंतर जुना कायदा जिवंत आहे काय? २९ जुलै १९९७ रोजी अपील न्यायालयाने निर्णय दिला की, मूलभूत कायद्यान्वये तो अखंड चालू आहे.

९/ ज्या कराराला चीनने वैध मानले नाही, त्याच्याच मुदतीची तारीख अखेर सत्तांतराची तारीख ठरली. वाद मिटला नव्हता. परंतु त्यापायी लोकांची घरे, कर्जे आणि खटले मात्र अधांतरी राहिले नाहीत.