कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये पालिका बाजार नावाची भुयारी बाजारपेठ आहे. जमिनीच्या पोटात दुकानांच्या रांगा आणि वर बाग, अशी तिची रचना. खाली कपड्यांच्या आणि विजेच्या उपकरणांच्या घासाघिशीत गुंतलेल्या गिऱ्हाइकाला, याच जागेवर एके काळी देशाच्या राजकारणाचा आणि हिंदी वाङ्मयाचा रोज कीस पडत असे, हे सांगूनही खरे वाटणार नाही. येथे थिएटर कम्युनिकेशन बिल्डिंग या नावाची वास्तू उभी होती. नावावरून नाटकगृहाचा भास होतो. परंतु हे 'थिएटर' युद्धशास्त्रातले, रणक्षेत्र या अर्थाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ती वास्तू. तिच्यातच इंडियन कॉफी हाऊस नांदत होते.

त्याचे मूळ मात्र मुंबईत आहे, हे ऐकून मराठी श्रोत्यांना कौतुक वाटेल. जागतिक मंदीत म्हैसूर आणि कुर्गच्या मळ्यांतील कॉफीला परदेशी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा देशातच ते निर्माण करावे म्हणून कॉफी सेस कमिटी स्थापन झाली. तिने १९३६ साली चर्चगेट येथे पहिले कॉफी हाऊस उघडले. पुढे हा कारभार कॉफी बोर्डाकडे गेला आणि चहाच्या उत्तर हिंदुस्थानातही कॉफीचा वास दरवळू लागला. परंतु १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करण्याचे ठरविले. पांढरा पोशाख आणि तुरेदार फेटा घालून वर्षानुवर्षे टेबलांमधून वावरलेले सेवक एकाएकी उघड्यावर पडले.

अशा वेळी केरळचे कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन यांनी त्यांना जो सल्ला दिला, तो मला फार मोलाचा वाटतो. नोकऱ्या टिकविण्यासाठी केवळ याचना करीत बसू नका, कॉफी हाऊसच चालवायला घ्या, असा त्याचा आशय होता. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था उभी राहिली, आणि २७ ऑक्टोबरला दिल्लीत सहकारी कॉफी हाऊसचे दार उघडले. काल ज्याने पेला पुसला, तो आज पेल्याचा मालक झाला!

मालक बदलला तरी स्वस्ताई राहिली. कोणत्याही उपाहारगृहाचे गणित खुर्ची लवकर रिकामी होण्यावर चालते. येथे त्या गणिताकडे जणू पाठच फिरविलेली. एक पेला कॉफी मागवावी आणि दोन-दोन तास बोलावे. कोणी उठवीत नसे. शेजारी १९२६ सालचे वेंगर्स होते, १९४२ सालचे युनायटेड कॉफी हाऊस होते. पण तेथे खिसा चाचपून शिरावे लागे. येथे डॉ. राममनोहर लोहिया येत, मोहन राकेश येत, विष्णु प्रभाकर येत, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलाशी एखादा बेकार पदवीधर तितक्याच हक्काने बसे. संसद भवन आणि आकाशवाणी या दोन्ही वास्तू पायी जाण्याच्या अंतरावर. तेव्हा बोलायला विषयांची वाण कधीच नव्हती.

तेच बोलणे बहुधा भोवले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण बसले. परंतु टेबलाभोवतीच्या चौघांच्या बोलण्यावर कात्री कशी चालवावी? १९७६ साली ही वास्तू जमीनदोस्त करण्यात आली. यामागे संजय गांधी यांची इच्छा होती, असे दिल्लीकर तेव्हापासून सांगत आले आहेत. शहर सुंदर करण्याची भाषा त्या दिवसांत सर्वत्र ऐकू येत असे. तिच्या आड नेमके काय होते, याचा निवाडा श्रोत्यांनी करावा. पण बोलणाऱ्यांची बैठक मोडली गेली, हे तर खरेच. २१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली, आणि दुसऱ्याच दिवशी गोपालन निवर्तले.

उठवलेली मंडळी जवळच्याच बाबा खडकसिंग मार्गावर, मोहनसिंग प्लेस या पालिकेच्या इमारतीत जमू लागली. खाली जीन्स शिवून देणारे शिंपी आणि वर गच्चीवर कॉफी, असा तेथला थाट. विष्णु प्रभाकर तेथेही येत राहिले. 'आवारा मसीहा' हे शरच्चंद्रांचे चरित्र लिहिणारा हा वृद्ध लेखक गच्चीवर भेटेल, या भरवशाने परगावचे तरुण जिना चढत. २००९ साली ते वारले.

त्याच सुमारास कॉफी हाऊसवर दुसरे संकट आले. या वेळी बुलडोझर नव्हता, थकलेल्या भाड्याची नोटीस होती. गिऱ्हाइकांनी आणि हितचिंतकांनी धावपळ केली आणि कॉफी हाऊस तगले. तथापि पेच सुटलेला नाही. भाव वाढवावे तर रोज येणारा पेन्शनर तुटतो. न वाढवावे तर भाडे तुंबते. मालक म्हणविणाऱ्या त्या फेटेवाल्या सेवकांना दर महिन्याला हा हिशेब मांडावा लागतो. गच्चीवरची माकडे मात्र कोणाचीच पर्वा न करता टेबलावरचा वडा उचलून नेतात.